लहान कोकरू की लंगडं कोकरू?

आजचं वाचन : मलाखी १:६-१४ आणि मार्क १२:४१-४४



आजचे दोन उतारे शेजारी-शेजारी ठेवून वाचले की जरा अडखळायला होतं. मलाखीच्या पुस्तकात देव याजकांना फैलावर घेतो. लोक वेदीवर आंधळी, लंगडी, रोगट जनावरं आणतायत, आणि याजकांना त्यात काही वावगंही वाटत नाहीये. असलं जनावर सुभेदाराला नजराणा म्हणून नेऊन दाखवायची तुमची हिंमत होईल का, असं देव त्यांना विचारतो. मार्कमध्ये मात्र येशू दानपेटीसमोर बसलाय. श्रीमंतांच्या मोठ्या रकमा पडतायत आणि त्याचं लक्ष जातं एका विधवेच्या दोन नाण्यांकडे. त्या बाजारातलं सगळ्यात हलकं नाणं. आणि सगळ्यांपेक्षा जास्त हिनेच टाकलं, असा हिशोब तो शिष्यांना सांगतो.

मग देवाला नेमकं काय चालतं? उत्तमातलं उत्तम, की हाताशी असेल ते?

या आगमनकाळात हा प्रश्न माझ्या लॅपटॉपवर चक्क फाइलच्या रूपात बसलाय. आमच्या तरुण संघातले आम्ही सहा जण नाताळच्या गाण्यांचा एक घरगुती अल्बम रेकॉर्ड करतोय. दहा गाणी. दोन गिटार, एक हार्मोनियम, ढोलकी, झांज, बस. स्टुडिओ म्हणजे पिंपरीतल्या माझ्या फ्लॅटची आतली बेडरूम, दाराला आणि खिडकीला टांगलेल्या गोधड्या, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस आणि रीपर. पंखा बंद. फ्रिजसुद्धा बंद, कारण त्याची घूं-घूं आपल्या कानाला ऐकू येत नसली तरी माइकला बरोब्बर येते. रेकॉर्डिंग रात्री साडेदहानंतर, म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की. तरी मेंढपाळांच्या गाण्यात अगदी शेवटच्या सुरावर खाली एक कुत्रं भुंकलंय. ते आम्ही ठेवलंय. मेंढपाळांकडे कुत्रं असणारच.

अल्बम कुणासाठी, तर मंडळीतल्या अशा चौदा वयस्कर माणसांसाठी ज्यांना आता चर्चपर्यंत येणं जमत नाही. चोवीस तारखेला पेन ड्राइव्ह घेऊन एकेकाच्या घरी जायचं, लावून द्यायचं, थोडा वेळ बसायचं. एवढंच ठरलं होतं. पण सहापैकी चार जण आयटीतले, त्यामुळे स्कोप वाढणारच. आता ग्रुपवर तीन पक्ष आहेत. एक म्हणतो, करतोच आहोत तर सगळं नीट पॉलिश करू आणि स्पॉटिफायवर टाकू. दुसरा म्हणतो, काही हात लावू नका, देव हृदय बघतो. तिसऱ्या पक्षात एकच मुलगा आहे. त्याने एका अ‍ॅपमध्ये दोन ओळी टाइप करून अर्ध्या मिनिटात चाळीस आवाजांचा कोरस बनवून पाठवला आणि विचारलं, आपण एवढा घाम का गाळतोय?

तिघांनाही उत्तर देणं लागतं. सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण तो सगळ्यात धार्मिक वाटतो आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

‘देव हृदय बघतो’ हे वाक्य आपल्याकडे बऱ्याचदा रियाज न करण्याचं कारण म्हणून वापरलं जातं. गिटार जुळवलेली नाही? देव हृदय बघतो. शब्द पाठ नाहीत? देव हृदय बघतो. मलाखीमधले लोकही मनातून हेच म्हणत असणार. पण त्या उताऱ्याचं शेवटचं, चौदावं वचन पुन्हा वाचा. तिथे शाप कुणाला आहे? ज्याच्याकडे फक्त लंगडंच जनावर होतं त्याला नाही. ज्याच्या कळपात धडधाकट नर होता, ज्याने तो द्यायचा नवसही केला होता, आणि ऐन वेळी दुसरंच खोडाचं जनावर पुढे केलं, त्या लबाडाला आहे. म्हणजे दोष जनावराच्या पायात असला तरी अपराध घरी मागे ठेवलेल्या जनावराचा आहे.

आता लेवीय ५ बघा. पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणा. तेही जमत नसेल तर थोडं सपीठ आणा. नियमशास्त्रात लहान अर्पणाला पायरी-पायरीने जागा करून ठेवलेली आहे. लंगड्याला मात्र कुठल्याच पायरीवर जागा नाही. श्रीमंताने लंगडा बैल आणला तरी चालत नाही, गरिबाने धड होला आणला तर चालतो. लहान आणि लंगडं ही दोन वेगवेगळी मापं आहेत, आणि आपण ती सारखी एकात एक मिसळतो. लहान हे शेजाऱ्याच्या तुलनेत ठरतं. लंगडं हे आपल्याच कळपाच्या तुलनेत ठरतं. विधवेची दोन नाणी लहान होती, लंगडी नव्हती.

आणि नाताळच्या संदर्भात हे फारच जवळचं आहे. लूक २:२४ काढा. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरीया मंदिरात जातात तेव्हा कुठलं अर्पण नेतात? पक्ष्यांची जोडी. लेवीय १२ प्रमाणे ती गरिबांची सवलत होती. कोकरू परवडणाऱ्यांनी कोकरूच आणायचं होतं. प्रभूच्या नावाने या जगात झालेलं पहिलं अर्पण सवलतीच्या दरातलं होतं.

तर आमच्या बेडरूममधला अल्बम लहान आहे, यात कुणालाच शंका नाही. तो लंगडा आहे का, हे तपासायचं तर प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारायला हवा : याच्यापेक्षा धड काही आमच्या कळपात होतं का? सातवं गाणं आम्ही तीन टेकमध्ये उरकलं होतं, सगळ्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं म्हणून. ते परत करतोय.

नाताळचं जगातलं बहुधा सगळ्यात ओळखीचं गाणं, ‘सायलेंट नाइट’, हेही असंच लहान होतं. योसेफ मोर नावाच्या तरुण सहायक धर्मगुरूने त्याचे शब्द १८१६ मध्ये लिहिले होते. २४ डिसेंबर १८१८ ला त्याने ते फ्रान्झ ग्रूबर या शेजारच्या गावातल्या शाळामास्तरकडे नेले, आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते गायलं. दोन आवाज, एक गिटार, मागे थोडा कोरस. ऑर्गन उंदरांनी कुरतडला होता वगैरे गोष्ट आपण नाताळच्या कार्यक्रमात सांगतो, पण ती नंतरची भर आहे. ग्रूबरने स्वतः १८५४ मध्ये लिहिलेल्या हकिकतीत ऑर्गन बिघडल्याचा उल्लेख नाही. मला ती उंदरांची गोष्ट नसलेलीच बरी वाटते. उंदीर आले की गिटार ही नाइलाजाने केलेली तडजोड ठरते. उंदीर काढले की ती निवड ठरते.

आता पहिला पक्ष, पॉलिशवाला. इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, कंटाळू नका.

अल्बममधलं चौथं गाणं एक भजन आहे आणि ते आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी गायलंय. वय एकाहत्तर. मराठी मंडळीत भजन-कीर्तन रुजवण्यात नारायण वामन टिळकांचा (१८६१-१९१९) वाटा किती मोठा आहे, हे ‘उपासना संगीत’ हातात घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. मावशी त्याच परंपरेतल्या, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेल्या. त्यांना मागे फक्त तानपुरा हवा होता, हार्मोनियमही नको म्हणाल्या. टेक झाला. मी तो पिच करेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तर प्रत्येक गांधारावर दुरुस्तीची खूण. सूर उतरलेला, साधारण चौदा सेंटने. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे फरक बारीक, पण सगळीकडे तोच.

इथे पॉलिशवाला म्हणाला, बघ, सगळे गांधार चुकलेत, एक क्लिक कर.

पण चौदा हा आकडा योगायोगाचा नाही. गिटार, पियानो आणि आपली नेहमीची हार्मोनियम सप्तकाचे बारा सारखे भाग करून जुळवलेली असते. त्यात शुद्ध गांधार षड्जापासून चारशे सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाची तार छेडली की तिच्यातून एक गांधार आपोआप ऐकू येतो, तो मात्र साधारण तीनशे शहाऐंशी सेंटवर असतो. मावशी तो गांधार गात होत्या. तारेत आधीपासून असलेला. सॉफ्टवेअर ज्याला चूक म्हणत होतं तो त्या खोलीतला सगळ्यात खरा सूर होता. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल : लिंटरने लाल रेघ ओढली म्हणून बग असतोच असं नाही, नियमांची फाइल कुणी लिहिली हेही बघावं लागतं. (ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाचे साठे शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या डेटावर काम करायचे. जमिनीच्या पोटातलं ऐकणाऱ्या गणिताने माणसाचा गळा ऐकायला घेतला, हे मला फार आवडतं. पण त्या गणिताला कुठला सूर खरा ते आपणच सांगायचं असतं.)

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी मावशींना जिंकवून मोकळा झालो असतो. पण तिसऱ्या कडव्यात त्या खरंच उतरल्या आहेत. तिथे गांधाराचं निमित्त नाही. दम पुरला नाही, ओळीचा शेवट तीस-चाळीस सेंटने खाली आला. तो तानपुऱ्याशीही जुळत नाही.

‘हात लावू नका’वाले म्हणाले, राहू द्या, वयस्कर आवाज आहे, त्यातच गोडवा आहे. मला हे पटलं नाही. एखाद्याची उणीव आपल्याला गोड वाटते म्हणून ती तशीच ठेवणं यात प्रेम असेलही, पण त्यात थोडं वरून बघणंही असतं. लहान मुलाचं बोबडं बोलणं गोड वाटावं, तसं. मावशी बोबड्या नाहीत. त्या पन्नास वर्षं गातायत.

मग त्यांनाच ऐकवलं. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, “अरे, हे असं देणार आहेस लोकांना? शनिवारी येते, परत गाऊ.” शनिवारी आल्या. तिसरं कडवं नऊ वेळा गायल्या, मध्ये गरम पाणी पीत. आठ वेळा तीच जागा. नवव्या वेळी बाकी सगळं लखलखीत आणि शेवटचा एक स्वर मात्र परत खाली. आता दम नाही म्हणाल्या, आणि मग, “ते तुझं मशीन आहे ना, तेवढा एक वर घे.”

आमच्यातली एक जण कळवळून म्हणाली, “मावशी, पण मग तो तुमचा खरा आवाज नाही राहणार.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. “अगं, मी कवळी लावून गातेय. ती पण काढून ठेवू का?”

हसून हसून टेक बंद पडला, पण मुद्दा पक्का आहे. आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो त्याच्यात आधीच किती आधार असतात. चष्मा, कवळी, माइक, गोधड्या. आधार घेतला म्हणजे खोटेपणा झाला, असं म्हणता येत नाही. माझ्या मते रेघ दुसरीकडे ओढायला हवी. त्यांना न विचारता मी सगळे गांधार सरळ केले असते, तर मी त्यांचं अर्पण बाजूला सारून त्यांच्या नावाने माझं अर्पण ठेवलं असतं. त्यांनी नऊ वेळा गाऊन, आपल्या कळपात आता याहून धड नाही हे स्वतः बघून, एका स्वरापुरता हात मागितला. तो देणं वेगळं. तो एक स्वर मी वर घेतलाय. बत्तीस सेंट. गांधारांना हात लावलेला नाही. ग्रुपवर यावरून अजून कुरबुर चालू आहे आणि चालू दे.

अर्ध्या मिनिटात चाळीस आवाजांवाल्या मित्राला मी २ शमुवेल २४ वाचायला पाठवलं. दाविदाला वेदी बांधायची आहे, अरवना आपलं खळं, बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार आहे, आणि दावीद ते घेत नाही. पन्नास शेकेल चांदी मोजतो. जे आपल्याला काहीच पडलं नाही ते देवापुढे ठेवायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मित्राने उत्तर पाठवलं, “मग कष्ट हेच अर्पण का? मुद्दाम जास्त कष्ट केले तर जास्त पुण्य?” चांगला प्रश्न आहे. नाही, तसं नाही. नाहीतर मला माझा कोड पंचकार्डवर लिहावा लागेल. दाविदाने खळ्याची रास्त किंमत दिली, घासाघीस करून वाढवून नाही दिली. कष्ट मोजायचे नसतातच. बघायचं एवढंच, की या देण्यात देणारा कुठे आहे का. त्या चाळीस आवाजांत आमच्यापैकी कुणीच नाहीये. चौदा घरांतले आजी-आजोबा कान लावून ऐकतील ते “हा अमक्याचा मुलगा ना?” हे ओळखायला. चाळीस अनोळखी आवाजांत ते कुणाला ओळखणार?

ते अ‍ॅप पापी आहे असं मी म्हणत नाही. ऑफिसमध्ये मी तसली टूल्स रोज वापरतो.

राहिला स्पॉटिफायचा प्रश्न, आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. अमेरिकन गायक सुफ्यान स्टीव्हन्स २००१ पासून जवळजवळ दरवर्षी नाताळची काही गाणी साध्या पद्धतीने रेकॉर्ड करून घरच्यांना आणि मित्रांना भेट द्यायचा. बँजो, गिटार, पियानो, जुनी स्तोत्रं, काही स्वतःची गाणी. २००६ मध्ये अशा पाच छोट्या रेकॉर्ड एका पेटीत घालून त्या विकायला आल्या, २०१२ मध्ये आणखी पाच. दोन पेट्यांत मिळून शंभर गाणी. मी त्या पेट्यांचा चाहता आहे. ते बाहेर आलं नसतं तर पिंपरीत बसून मला कधी ऐकायला मिळालं असतं? त्यामुळे भेट विकली की विटाळली, असं मी म्हणणार नाही. पहिल्या पेटीत त्याने गाण्यांचे शब्द आणि कॉर्ड छापलेलं पुस्तकही घातलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याने नुसतं ऐकू नये, घरी वाजवावं. हे मला नुसत्या ऐकवण्यापेक्षा पुढचं वाटतं.

पण त्याचीच दुसरी गोष्ट ऐका. २००७ मध्ये त्याने एक अदलाबदल जाहीर केली : तुमचं नाताळचं गाणं पाठवा, जे निवडलं जाईल त्याचे हक्क माझे, आणि त्याच्या बदल्यात माझ्या एका नव्या नाताळगीताचे हक्क तुमचे. जिंकला ब्रुकलिनमधला एक नाट्यदिग्दर्शक. त्याच्या हातात आता प्रसिद्ध गायकाचं, कुणीच न ऐकलेलं गाणं होतं. त्याने ते इंटरनेटवर टाकलं नाही. ज्यांना ऐकायचं त्यांनी माझ्या घरी या, असं सांगितलं. लोक गेले, चहा-बिस्किटं झाली, गाणं ऐकलं, परत आले. ते सगळ्यांसाठी बाहेर आलं थेट २०१८ मध्ये.

मत्तय ६ मध्ये येशू दान गुप्तपणे करायला सांगतो. लूक २ मध्ये मेंढपाळ गव्हाणीतून निघतात ते भेटेल त्याला सांगत सुटतात. दोन्ही खरं आहे. मेंढपाळ बातमी सांगत होते, स्वतःचं दान सांगत नव्हते, असं उत्तर देता येईल. पण गाण्यात बातमी आणि गाणारा इतके एकात एक असतात की मला ते सोडवता येत नाही. अपलोड केल्यावर मी दिवसातून किती वेळा प्लेचे आकडे बघेन, हे मला चांगलं माहीत आहे. तुम्हालाही तुमचं माहीत असेल.

तूर्त एवढं ठरलंय की मिक्स चौदा जणांच्या हिशोबाने करायचा. त्यामुळे बरेच तांत्रिक वाद आपोआप मिटले. स्पॉटिफाय आवाज उणे चौदा एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतं, त्याची चिंता नको. हे सगळं छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर किंवा मुलाच्या फोनवर ऐकलं जाणार, म्हणून खर्ज कमी, शब्द पुढे. गाण्यांचा वेग थोडा कमी, बरोबर म्हणता यावं म्हणून. दोन गाण्यांच्या मध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा, कारण कुणीतरी काहीतरी बोलेल. आणि मोठ्या अक्षरात छापलेले शब्द, वीस पॉइंटमध्ये. पेन ड्राइव्हसोबत द्यायला.

ज्यांच्या घरी जुना टीव्ही आहे त्यांच्यासाठी यूएसबी चालतो का, हे आज संध्याकाळी एकाकडे जाऊन बघायचंय.

उद्याचं वाचन : लूक २:२२-३५